तात्यांच्या बाटलीवरची पट्टी

माझे वडील गेले तेव्हा गावकीच्या खोलीत शोकसभा झाली आणि सहा जणांनी उठून एकच गोष्ट सांगितली. तात्या मापात जगले. मापात बोलले, मापात जेवले, मापात प्याले. सातव्याने तर डोळे पुसत सांगितलं की घ्यावी तर तात्यांसारखी, नाहीतर घेऊच नये. मी पुढेच सतरंजीवर बसले होते. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, पोरीला बापाचं दुःख आवरत नाही. कुणीतरी पाण्याचा पेला आणून दिला.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. पंचेचाळीस वर्षांची झाले. वर्गात पोरं खोटं बोलली की त्यांना हात पुढे करायला लावते. त्या सभेत जे बोलायला हवं होतं ते मी बोलले नाही, म्हणून आता लिहून टाकते.

तात्यांचं खरं नाव धोंडू. मालवणच्या वरच्या बाजूला खाडीकाठी आमचं गाव. पंधराव्या वर्षी ते बोटीने मुंबईला आले, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, चिकटले आणि चाळिशीत मुकादम झाले. बदलीवाल्यांपैकी कुणाला आज काम द्यायचं आणि कुणाला फाटकावरून परत पाठवायचं, हे तात्या भुवई उडवून ठरवत. तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. तळमजल्यावर गावकीची, म्हणजे गावच्या तीसेक पुरुषांनी मिळून घेतलेली खोली: भिंतीला ट्रंका, खुंट्यांना सदरे, कोपऱ्यात देवाच्या नावाचा नारळ. तिथलेही प्रमुख तात्याच. पांढरी टोपी आणि कडक इस्त्रीचा सदरा घालून ते जिना उतरले की खालची बडबड थांबायची.

आणि त्यांची ती बाटली. तेव्हा डॉक्टर पातळ औषध बाटलीतून देत. बाटलीवर बाहेरून कागदाची पट्टी चिकटवलेली असे, कात्रीने करवतीसारखे दाते पाडलेली. एक दाता म्हणजे एक डोस. तात्यांनी तशी आठ दात्यांची एक बाटली ठेवली होती. तिच्यात दारू असायची. दारूबंदी होती, पोलीस आलाच तर खोकल्याचं औषध. पण पोलीस हे निमित्त. तात्यांना त्या पट्टीचाच अभिमान होता. रोज संध्याकाळी साडेसहाला एक दाता. आजारपण असो, पाहुणा असो, संप असो, एकच. आई फुलपात्र आणि भाजलेल्या पापडाचा तुकडा आणून ठेवी. तात्या ओतत, पट्टीवर बोट ठेवून बघत आणि एका दमात घशाखाली उतरवत. मग दातांतून हवा ओढत आणि ‘हां’ म्हणत. त्या ‘हां’ची मला लहानपणापासून किळस. त्या वेळेला मी गॅलरीत जाऊन उभी राहायची, तिथेही तो ऐकू यायचा.

दारू रे रोडच्या लाकडाच्या वखारींमागून यायची, सायकलच्या ट्यूबमध्ये भरून. आणणारा ती कमरेला गुंडाळून वर ढगळ सदरा घालायचा. आमच्या मोरीत कोळशाच्या गोणीमागे एक खिळा होता. ट्यूब तिथे लटकायची आणि तिच्यातून आई नरसाळ्याने बाटली भरायची. रबर, सडका गूळ आणि नवसागर यांचा मिळून जो वास येई, तो मोरीतल्या तांब्यालासुद्धा लागे. मी अंघोळ करून बाहेर यायची तर तो माझ्या अंगाला असायचा.

आता कुशाबा. तो तात्यांच्या हाताखाली चार साचे चालवायचा. थोराड अंगाचा, हसला की गॅलरीतली कबुतरं उडायची. कुणाचीही मोडकी छत्री घ्यायचा आणि काड्या सरळ करून परत द्यायचा. आणि प्यायचा. त्याच्या पिण्याला पट्टी नव्हती. बायको बकुळा दोन वर्षं सोसून माहेरी निघून गेली होती.

छप्पन साली सत्याग्रहात कुशाबा पकडला गेला. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, असं ओरडत तो मोर्चात घुसला तेव्हा तो शुद्धीत किती होता, यावर चाळीत दोन मतं होती. एकवीस दिवस आत राहिला. पहिले पाच-सहा दिवस भिंतीवर मुंग्या दिसायच्या, अंग थडथडायचं, म्हणे. बाहेर आला तो कोरडा. आल्या आल्या त्याने बकुळाकाकीला पत्र लिहवलं. ती आली, पण एक अट घालून. थेंब नाही. सणाला नाही, दुखण्याला नाही, कुणी मेलं तरी नाही. ज्या दिवशी थेंब, त्या दिवशी ती पुन्हा बोटीत.

कुशाबाने चार वर्षं पाळलं. सदऱ्याच्या खिशात गूळ-शेंगदाणे ठेवायचा, साडेसहा वाजले की बकाणा भरायचा. भट्टीवाल्याची गल्ली टाळायला गिरणीतून येताना अख्ख्या मैदानाला वळसा घालायचा. आमच्याच मजल्यावर त्यांनी अर्धी खोली घेतली. बकुळाकाकी वाइंडिंगखात्यात लागली. तिच्या खोलीवरून जाताना कोकमाच्या साराचा वास यायचा आणि मला तिथेच थांबावंसं वाटायचं.

तात्यांना मात्र हे खुपायचं. “भित्रा आहे तो,” असं ते आईला सांगत. “बाटलीला पाठ दाखवून पळण्यात कसली मर्दुमकी? समोर ठेवून मापात घेऊन दाखवावी.” मोठ्या लोकांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर सरकार परमिट देतं, महिन्याच्या ठरावीक बाटल्यांचं, हे त्यांना गिरणीच्या मॅनेजरकडून कळलं होतं. “खुद्द सरकार माप देतं,” ते म्हणायचे, “आणि हा शहाणा म्हणतो, नाहीच.” कुशाबाचं न पिणं त्यांना स्वतःवरची टीका वाटायची. तो बिचारा कुणाला काही बोलत नव्हता.

एकदा मीच त्याला विचारलं होतं की कुशाबाकाका, तुम्ही तात्यांसारखं एकच का नाही घेत? तो एका छत्रीची काडी वाकवत बसला होता. “शांते,” तो म्हणाला, “माका माप कळणा नाय. माका एक तर ‘नाय’ कळता, नायतर सगळा.” आणि हसला. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते, पण मला ते पटलं. तात्यांना उभ्या जन्मात पटलं नाही.

कुशाबा तुरुंगात होता तेव्हा गावकीच्या खोलीत एक गाऱ्हाणं घातलं गेलं होतं. बाहेर रस्त्यात गोळ्या चालल्या होत्या, माणसं मेली होती. तात्यांनी नारळ हातात धरून गावच्या राखणदार देवाला सांगितलं की मुंबईसकट महाराष्ट्र होऊं दे म्हाराजा, तुका कोंबो आणि बाटली देतलंव. तिसांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. आमच्या गावात राखण देताना दारूची पहिली करवंटी देवापुढे ओततात आणि दुसरी मानकऱ्याने प्यायची असते. तो मान कुशाबाच्या घराण्याचा. तो तुरुंगात असताना त्याच्या नावाने हा नवस बोलला गेला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. लालबागला रोषणाई, गुलाल, पेढे. पुढच्याच रविवारी नवस फेडायचं ठरलं. कुशाबा आदल्या दिवशी आमच्याकडे आला आणि दाराशीच उभा राहिला. “तात्यानूं, माझ्या करवंटीत शहाळ्याचा पाणी घालूया.”

तात्या आरामखुर्चीत होते. “नवस दारूचा बोललाय. देवाला पाणी पाजून फसवणार? उद्या गावावर काही आलं तर?”

“देवाक देवा दारू. माका नको.”

“ती दारू नव्हे, तीर्थ आहे. एक करवंटी. एका करवंटीने कुणी मरत नाही रे.”

बायकांना खोलीत मज्जाव. बकुळाकाकी त्या दुपारी रविवार असूनही कामावर होती, ते तात्यांनीच वाइंडिंगच्या मुकादमाला सांगून जमवलं होतं, हे मला नंतर समजलं. मी जिन्याच्या खिडकीतून बघत होते. कोंबडा कापून झाला. देवापुढे ओतून झालं. मग तात्यांनी कुशाबाच्या हातात करवंटी ठेवली. तो ती धरून उभाच. सगळे थांबले होते. कुणीतरी म्हणालं, मान आहे तुझा, अडवून काय ठेवलंस? तात्या म्हणाले, “म्हण, व्हय म्हाराजा.” तीस आवाज उठले आणि कुशाबाने डोळे मिटून करवंटी रिकामी केली.

तात्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “बघ. काय झालं? काही झालं?”

काहीच झालं नाही. पंधरा दिवस काही झालं नाही. तात्या खुशीत होते. मग एक दिवस कुशाबाने मैदानाचा वळसा घेतला नाही. गणपतीपर्यंत तो पाळ्या चुकवायला लागला. जिन्यात ओकायचा. बकुळाकाकी राख टाकून, फडक्याने पुसून, पायऱ्या धुऊन कामावर जायची. तिने ट्रंक भरली होती, पण या वेळी ती गेली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “तेणी खय घेतल्यान? तेका पाजली.”

एका सकाळी तो गटाराच्या कडेला पडलेला होता. तात्या कामावर निघाले होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि मला म्हणाले, “किळस येते असल्या माणसांची.” तो रुमाल आईने धुतलेला, निळीचा. मला दोघांच्याही मध्ये उभं राहवेना.

मग तात्यांनी त्याच्यावर उपाय काढला. स्वतः कात्री घेऊन कागदाची दुसरी पट्टी कापली, तशीच बाटली कुशाबासाठी भरली आणि आमच्या खोलीत ठेवली. त्याने रोज साडेसहाला यायचं, तात्यांसमोर एक दाता घ्यायचा, घरी जायचं. दारूला अशी वेसण घालतात, ते म्हणाले. कुशाबा यायचा. अंघोळ करून, भांग पाडून. दोघं समोरासमोर बसायचे. तात्या आपलं ‘हां’ म्हणायचे. कुशाबा बाटलीतल्या उरलेल्या सात दात्यांकडे बघत बसायचा. मग उठायचा आणि आमच्या दारातून तडक भट्टीवर जायचा. तीन आठवडे हा प्रकार चालला. तात्या म्हणायचे, सवय व्हायला वेळ लागतो.

शेवटी एका रविवारी सकाळी बकुळाकाकी आमच्या दारात आली. पदर खोचलेला. मागे कुशाबा, मान खाली. गॅलरीत माणसं जमली. ती एरवी तात्यांसमोर आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही.

“तात्यानूं, तुमी आठ दिस घेव नकात. ऱ्हवलात तर माझो घोव तुमच्या मापान घेवंदे, मी तोंड उघडूची नाय. नाय ऱ्हवलात तर खाली खोलीत उभे ऱ्हवान सांगा की कुशाबाक कोणी थेंब दिवचो नाय. देवाचोव नाय.”

तात्या हसले. “एवढंच? आठ काय, महिना राहीन.” त्यांनी देवामागून दोन्ही बाटल्या काढल्या आणि सगळ्यांदेखत तिच्या हातात दिल्या. ट्यूबचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मला आठवतं, त्या क्षणी मला बापाचा थोडा अभिमान वाटला होता.

पहिल्या दिवशी साडेसहाला ते पेपर वाचत बसले, पण पान उलटलं नाही. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ नाही म्हणून ताट भिरकावलं. मीठ होतं. आईने भिंतीवरची डाळ पुसली. बोटं टोपीच्या काठावरून सारखी फिरायची. मला वाटलं, आता बापच हरतो. आणि तिसऱ्या दिवसापासून ते एकदम माणसात आले. गप्पा मारायला लागले, मला कवितेचं पुस्तक वाचायला लावून ऐकलं. गॅलरीतले लोक म्हणाले, याला म्हणतात मनाचा निग्रह. आई मात्र माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघायची.

आठवा दिवस रविवार. संध्याकाळी पाचला सगळे खाली जमणार होते. दुपारी तीनला मी दळण घेऊन निघाले. पिठाची चक्की बंद होती, म्हणून लगेच परतले. दार लोटलेलं होतं. मोरीत तात्या उकिडवे बसले होते. सदरा इस्त्रीचा, डोक्याला टोपी. दोन्ही हातांनी ते ट्यूब पिळत होते, ओलं फडकं पिळावं तशी, आणि तिचं कापलेलं तोंड त्यांच्या तोंडात होतं. ओठांच्या कडेने काळपट पाणी हनुवटीवर आलं होतं. ते चोखत होते. चोखण्याचा आवाज येत होता. मग दातांतून हवा ओढण्याचा. मग ‘हां’.

त्यांनी मला पाहिलं. ट्यूब गोणीमागे सारली, हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं आणि विचारलं, “दळणाचं काय झालं?”

माझ्या बापाला पट्टी लागत होती, कारण दारूवाचून त्याला तिसरा दिवस काढता आला नव्हता. कुशाबाने चार वर्षं काढली होती. हे मला मोरीच्या उंबऱ्यावर दळणाचा डबा धरून उभं असताना कळलं.

आई मागून आली. तिला काही विचारावं लागलं नाही. “ती टाकून ये उकिरड्यावर,” ती मला म्हणाली. “आणि हात धू. पाच वाजता खाली यायचंय.” मी ट्यूब उचलली. ती कोमट होती. चाळीमागे नेऊन टाकली. नळाखाली लाल साबणाने दोनदा हात धुतले.

पाचला खोली भरली. बायका दाराबाहेर, मी त्यांच्यात. तात्या मध्ये उभे राहिले. “आठ दिवस,” ते म्हणाले, “थेंब नाही.” टाळ्या पडल्या. बकुळाकाकी दारातूनच म्हणाली, “मुकादमाचा चेडू सांगांदे. शांता, तू सांग. घेतल्यानी?”

सगळे माझ्याकडे वळले. तात्या माझ्याकडे बघत नव्हते, ते टोपी सरळ करत होते. कुशाबा बघत होता. तो भिंतीशी बसला होता आणि त्याच्या तोंडावर अशी आशा होती, की मला आजही ती डोळ्यांसमोर येते. तात्या हरावेत, असं त्याला वाटत होतं. कुणीतरी भर खोलीत उभं राहून सांगावं की कुशाबाला थेंब देऊ नका.

मी म्हणाले, “नाही घेतली.”

का म्हणाले? बापाची अब्रू, आईचं तोंड, तीस माणसं. यातलं एकही कारण मला आता पुरेसं वाटत नाही. बकुळाकाकीने दोन्ही बाटल्या तिथेच आणून ठेवल्या आणि दिलेला शब्द पाळला. ती पुन्हा त्यावर बोलली नाही. कुशाबा उठताना हसला. “म्हणजे खोट माझ्यातच,” तो म्हणाला. लोक हसले. त्यानंतर त्याने मोडकी छत्री हातात घेतलेली मला आठवत नाही.

पुढच्या मार्चात त्याला रक्ताची उलटी झाली. इस्पितळात तिसऱ्या दिवशी गेला. डोळे हळदीसारखे पिवळे होते. स्मशानातून येऊन तात्यांनी अंघोळ केली, साडेसहाला फुलपात्र मागितलं आणि म्हणाले, “माप पाळलं नाही त्याने.” मी त्या दिवसानंतर त्यांना ताट वाढलं नाही. ते अठ्ठावीस वर्षं जगले आणि रोज एक दाता प्याले.

शाळेतल्या बायका कधी विचारतात, थोडी घ्यायला काय हरकत आहे. असतीलही थोडीवर थांबणारी माणसं, मी त्यांच्याशी भांडत नाही. पण जो म्हणतो, मला थांबता येत नाही, त्याच्या हातात करवंटी देणाऱ्याची मला जेवढी किळस आहे, तेवढी गटारात पडलेल्याची कधी वाटली नाही.

शोकसभा संपली. माणसं उठली. बकुळाकाकी आली होती. केस पांढरे, पाठीला बाक. दाराशी ती चप्पल पायात सरकवत होती. मी हात धरला. त्याच दारात ती तेव्हा उभी होती.

“शांता,” ती म्हणाली, “त्या दिवशी तू माझ्या बाजूक उभी होतीस. तुझ्या हाताक रबराचो वास येय होतो.”

मी विचारलं, “मग तुम्ही का नाही बोललात?”

“माजा कोण ऐकतलो होतो?” तिने माझा हात सोडला नाही. “मुकादमाच्या चेडवाचा ऐकला असता. म्हणान तुका विचारलंय.”